वाचकांचे प्रश्न: वेबसाइटवर फाइल ठेवायचीय, पण नीट कशी?

या वेळची बरीचशी पत्रं एकाच विषयावर आलीयेत, स्वतःच्या वेबसाइटवर लोकांना डाउनलोड करता येतील अशा फाइली ठेवणं. त्यातली पाच घेतलीयेत. पहिल्या दोन पत्रांना जास्त जागा दिलीय, कारण मराठीत हे काम करणारा प्रत्येकजण कधी ना कधी तिथंच अडतो.

प्रश्न: ताई, मी मुलुंडला राहते, तेहेतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता रिटायर झालेय. दहावीच्या मुलांसाठी व्याकरणाच्या नोट्स मी २००१ पासून कॉम्प्युटरवर टाइप करत आले, संधी, समास, प्रयोग, वृत्तं, सगळं मिळून एकशे चाळीस पानं झालीत. भाच्याने छोटीशी वेबसाइट करून दिली आणि त्यावर माझ्या वर्डच्या फाइली चढवल्या. आता आईवडिलांचे फोन येतात की बाई, फाइल उघडते पण मराठी दिसतच नाही, नुसती इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंस. भाचा म्हणतो पीडीएफ करून टाकू, सुटेल. खरंच सुटेल का?

उत्तर: बाई, भाचा सांगतोय त्याने दिसायचा प्रश्न सुटेल, पण तेवढ्यावर थांबू नका.

आधी हे का होतं ते सांगते. विंडोजमधे देवनागरी नीट चालायला लागली ती विंडोज २००० पासून, आणि ते घराघरात पोचेपर्यंत आणखी काही वर्षं गेली. तोपर्यंत आपण सगळे श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टमधे टाइप करत होतो. त्या फॉन्टची युक्ती अशी की कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असायची आणि फॉन्ट त्यांच्या जागी क, ख, वेलांटी, मात्रा काढून दाखवायचा. म्हणजे तुमच्या फाइलीत मराठी कधी नव्हतंच, मराठीचं चित्र होतं. तो फॉन्ट तुमच्या मशीनवर आहे म्हणून तुम्हाला संधी-समास दिसतात, मुलांच्या मोबाइलवर तो नाही म्हणून डॉलर आणि कंस दिसतात.

पीडीएफ केली की फॉन्ट फाइलीच्या आतच जातो त्यामुळे अक्षरं सगळीकडे बरोबर दिसतील, पण पोटात अजून इंग्रजी अक्षरंच राहतील. मग मुलाने फाइलीत 'बहुव्रीही' शोधलं तर सापडणार नाही, गूगलला त्या पानांवर काय आहे ते कळणार नाही, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्या तर काहीच हाती लागणार नाही. मी हे एकदा स्वतः ऐकलंय. दादरला एक अंध मुलगी कॉलेजच्या नोट्स मोबाइलवर ऐकत होती, तिने एक इअरफोन माझ्या कानात दिला, आणि आतून मराठीच्या एका अख्ख्या पानाचं वाचन चालू होतं ते असं: डॉलर, कंस सुरू, टिंब, टिंब, एस, स्वल्पविराम. ती म्हणाली, अशी फाइल आली की मी समजून जाते, हे आपल्यासाठी नाही. ते वाक्य ऐकल्यापासून जुन्या फॉन्टमधली फाइल कुणाच्याही वेबसाइटवर दिसली की मी त्यांना कळवते, ओळख असो नसो.

तेव्हा आधी युनिकोड करा, म्हणजे फाइलीच्या पोटातही मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठतील अशा पद्धतीत न्या. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमधे नेणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, तुमचा नेमका फॉन्ट कुठला ते वर्डमधे मजकुरावर क्लिक केलं की वर फॉन्टच्या खिडकीत दिसतं, तोच निवडायचा. एकशे चाळीस पानं काही मिनिटांत होतील, पण नंतरचं वाचन मात्र तुमच्या डोळ्यांनीच व्हायला हवं, ते भाच्यावर सोडू नका. नेमक्या चुका कुठे होतात सांगते, 'दुसऱ्या', 'सुऱ्या'मधला तो अर्धा र, 'तऱ्हा', 'शृंगार' आणि 'श्रावण', 'बुद्धी' आणि 'बुध्दी', आणि इंग्रजी शब्दांतला 'ॲ'. त्यातल्या काहींची गंमत अशी की दिसायला बरोबर असतात तरी आत वेगळे असतात. तो अर्धा र युनिकोडमधे दोन प्रकारे लिहिता येतो आणि 'ॲ' हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आलं, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे, आजही कितीतरी जण तसंच करतात. एका फाइलीत दोन्ही प्रकार आले की शोधताना निम्मे शब्द सुटतात, म्हणून एकदाच बसून शोधा-बदला करून सगळे एकसारखे करून घ्या.

मग पीडीएफ. वर्डमधे 'सेव्ह ॲज' मधून पीडीएफ निवडा, प्रिंटमधून करू नका, कारण प्रिंटच्या वाटेने गेलं की शीर्षक कुठलं आणि मजकूर कुठला ही आतली खूण सहसा गळून जाते. सेव्ह करताना 'ऑप्शन्स' मधे ॲक्सेसिबिलिटीसाठी रचनेचे टॅग ठेवण्याची टिकमार्क असते ती चालू आहे ना बघा. फॉन्ट मुक्ता घ्या, आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या मंडळींनी केलाय, फुकट आहे आणि मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर स्वच्छ वाचता येतो.

झाल्यावर परीक्षा घ्यायची. पीडीएफ उघडा आणि 'विद्यार्थी' हा शब्द शोधा, त्यात पहिली वेलांटी आहे, जोडाक्षर आहे, रफारही आहे. पीडीएफच्या आत मुळात अक्षरांची चित्रं ओळीने मांडलेली असतात आणि पहिली वेलांटी चित्रात व्यंजनाच्या आधी येते पण लिहिताना नंतर, त्यामुळे फाइल नीट बनली नसेल तर हाच शब्द आधी मोडतो. सापडला, कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला आणि तिथंही 'विद्यार्थी'च दिसला, की फाइल चांगली झाली म्हणा.

आणि एकशे चाळीस पानं एका फाइलीत बांधू नका. संधीची वेगळी, समासाची वेगळी. ज्या मुलाला उद्या समासाचा पेपर आहे तो ठाण्याहून दादरला येताना एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन उभा असतो, त्याला वीस पानांतच काय ते मिळू दे. लिंकवर 'येथे क्लिक करा' असं लिहू नका, 'समास, सोडवलेल्या उदाहरणांसह, पीडीएफ, १८ पानं, ६०० केबी' असं लिहा, म्हणजे डोळ्यांनी वाचणाऱ्याला कळतं आणि कानांनी वाचणाऱ्यालाही, कारण स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, पानावरच्या लिंकांची यादी वाचून दाखवतो आणि त्यात दहा वेळा 'येथे क्लिक करा' आलं तर त्याने कुठे जायचं? फाइलीचं नाव मात्र रोमन अक्षरांत ठेवा, मधे स्पेस न देता आडवी रेघ द्या. मराठी नाव चालतं, पण लिंक पाठवली की त्यातल्या एकेका अक्षराची, काना-मात्रेचीसुद्धा, नऊ-नऊ चिन्हं होतात, टक्के आणि आकडे यांची, आणि 'समास' एवढ्या चार खुणांच्या शब्दाची छत्तीस चिन्हांची शेपटी होते, ती एसेमेसमधे मधेच तुटते.

प्रश्न: आम्ही गिरगावातले. वडिलांनी १९७४ साली चाळीतल्या गणेशोत्सवावर चौसष्ट पानांची पुस्तिका लिहिली होती, एका छोट्या प्रकाशकाने छापली, मुखपृष्ठ त्यांच्या एका चित्रकार मित्राने काढलं. वडील १९९८ साली गेले. घरात एकच प्रत उरलीय, तिला कसर लागलीय. मी ती मोबाइलने फोटो काढून पीडीएफ केली तर फाइल दोनशे दहा एमबी झाली. वेबसाइटवर फुकट ठेवायचीय. पुस्तक इतकं जुनं आहे, आमच्या घरचंच आहे, तर परवानगीचा काही प्रश्न येत नाही ना?

उत्तर: आधी एक करा, ती प्रत आजच कपाटातून काढून कोरड्या जागी ठेवा, पावसाळ्यात गिरगावातल्या भिंतींना जी ओल येते ती कागदाला कसरीपेक्षा लवकर खाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बंद करू नका, आत दमटपणा कोंडतो.

आता परवानगी. पुस्तक जुनं आहे म्हणून मोकळं होत नाही. आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि त्यात लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाची मुदत लेखक गेल्यावर साठ वर्षं, तीही तो गेला त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायची. आधी ही मुदत पन्नास होती, रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, त्यांचे हक्क १९९१ संपताना मोकळे होणार होते तेव्हा ती वाढवून साठ केली. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांनी हयातीत छापलेलं लिखाण १ जानेवारी २०११ पासून कुणीही ठेवू शकतं. तुमच्या वडिलांचं लिखाण मात्र २०५८ च्या शेवटापर्यंत कॉपीराइटमधे आहे.

तो हक्क कुणाचा, हा खरा प्रश्न. मृत्युपत्रात काही लिहिलं नसेल तर घरासारखाच तो वारसांना मिळतो, म्हणजे तुम्ही एकटे नाही, आई असेल तर ती, भाऊ असतील ते आणि बहिणीसुद्धा. लग्न होऊन विरारला गेलेल्या बहिणीला विचारायचं राहून जातं आणि मग वेबसाइटवर पुस्तक बघून तिला वाईट वाटतं, तसं होऊ देऊ नका, एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या. प्रकाशकाशी झालेला करार शोधा. लोक सांगतात की करारात मुदत नसेल तर पाच वर्षांत हक्क लेखकाकडे परत येतात, नियम आहे तो, पण १९९४ च्या दुरुस्तीने आलेला, आणि त्याआधीच्या करारांना लागू नाही, त्यामुळे १९७४ च्या करारात जे असेल तेच बघायचं. प्रकाशक किंवा त्यांच्या घरचं कुणी असेल तर साधं पत्र लिहून होकार घ्या. मुखपृष्ठाचं चित्र मित्राचं, तर ते त्यांना किंवा त्यांच्या मुलांना विचारा, सापडलेच नाहीत तर मुखपृष्ठ सोडून आतली पानं ठेवा. मला माहितीय हे सगळं ऐकून हात गळतात, पण चारपाच फोन आणि दोन पत्रं एवढंच काम आहे, आणि त्या फोनवर वडिलांच्या ज्या आठवणी निघतील त्या पुस्तिकेत सुद्धा नसतील.

आता दोनशे दहा एमबी. चौसष्ट पानांना भागा, पानामागे सव्वातीन एमबी पडतात. तुमच्या फोटोत पिवळा कागद, कडेची सावली, खिडकीतला उजेड आणि तुमचा अंगठा, हे सगळं रंगीत साठलंय. हिशेब बघा, ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात, रंगीत ठेवलं तर दाबण्याआधी, म्हणजे कॉम्प्रेस करण्याआधी, जवळपास सव्वीस एमबी, राखाडी ठेवलं तर पावणेनऊ, आणि निव्वळ काळं-पांढरं ठेवलं तर जेमतेम एक. तुमची पुस्तिका आकाराने याहून लहान असणार. छापील मजकुराला राखाडी पुरतं. झेरॉक्सच्या दुकानात सपाट काचेवर ३०० डीपीआय राखाडी स्कॅन मागा, शीट ओढून घेणाऱ्या मशीनमधे ती प्रत अजिबात घालू देऊ नका. मूळ स्कॅन हार्ड डिस्कवर जसेच्या तसे जपून ठेवा, वेबसाइटसाठी दाबलेली प्रत वेगळी करा. दहा-बारा एमबीत बसायला हरकत नाही.

शेवटी त्याला मजकूर जोडा. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यात शोधता येत नाही, बाईंना वर सांगितलं तोच घोटाळा दुसऱ्या वाटेने येतो. टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, ते जमत नसेल तर गूगल ड्राइव्हवर स्कॅन चढवून गूगल डॉक्समधे उघडा, मजकूर निघतो. चुका राहतात, अनुस्वार उडतात, पण चौसष्ट पानं घरातल्या चौघांनी सोळा-सोळा वाटून घेतली तर दोन रविवारांत तपासून होतील. आणि मग कुणीतरी आपल्या चाळीचं नाव गूगलला टाकेल आणि तुमच्या वडिलांचं पान समोर येईल.

प्रश्न: मी बोरिवलीच्या एका हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी आहे. रीडेव्हलपमेंट चाललंय, दर आठवड्याला लोक कागद मागतात. सोसायटीची वेबसाइट नाही म्हणून मी माझ्या स्वतःच्या वेबसाइटवर सभेची इतिवृत्तं, बिल्डरची ऑफर आणि सभासदांची यादी ठेवलीय. यादीत फ्लॅट नंबर, फोन, आधार नंबर आणि सह्या आहेत. आधार नंबरांवर वर्डमधे काळा पट्टा मारलाय. पानाची लिंक कुठेच दिलेली नाही, फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलीय. चालेल ना?

उत्तर: साहेब, हे वाचून झाल्या झाल्या ती यादी काढा, बाकीचं नंतर वाचा.

काळा पट्टा मारला म्हणजे वरून रंग दिला, खालचे आकडे फाइलीत तसेच आहेत. कुणीही तो भाग सिलेक्ट करून कॉपी केला आणि नोटपॅडमधे पेस्ट केला की बारा आकडे समोर. स्वतः करून बघा, दहा सेकंदांचं काम आहे. आधार कायदा २०१६ चा आहे आणि त्यात कुणाचाही आधार नंबर जाहीर करायला, लोकांसमोर लावायला सरळ मनाई आहे, सोसायटीच्या भल्यासाठी केलं म्हणून सूट नाही. आकडे काढायचे तर ते खोडायचे, म्हणजे डिलीट करायचे, आणि मग नव्याने पीडीएफ करायची.

लिंक दिली नाही म्हणून फाइल लपत नाही. ग्रुपवर गेलेली लिंक कुणाच्या मेहुण्याला, कुणाच्या एजंटला जाते, आणि एकदा ती कुठल्या सार्वजनिक पानावर आली की गूगललाही सापडते. गूगलसारख्यांना सूचना देणारी रोबोट्स नावाची फाइल असते, तिच्यात 'इथे येऊ नका' लिहिलं तरी ती फक्त विनंती असते, आणि ती फाइल स्वतः सगळ्यांना वाचता येते, म्हणजे आपणच पत्ता सांगितल्यासारखं. जे कागद फक्त सभासदांचे आहेत ते पासवर्डच्या मागे ठेवा किंवा ड्राइव्हवर ठेवून एकेका सभासदाच्या ईमेलला परवानगी द्या. ईमेल नसलेल्या आजी-आजोबांसाठी ऑफिसात एक छापील प्रत, तीही हवीच.

ऑफरची फाइल ठेवा, तिची लोकांना गरज आहे, पण वर्डची मूळ फाइल देऊ नका, तिच्यात कमिटीने कडेला लिहिलेल्या कॉमेंट्स आणि खोडलेली वाक्यं राहिलेली असतात. आमच्याच बिल्डिंगच्या एका नोटिशीत असं झालं होतं, एका सभासदाच्या थकबाकीबद्दल कमिटीतल्या दोघांनी आपसात लिहिलेलं सगळ्या बिल्डिंगने वाचलं. त्या बाई त्यानंतर मीटिंगला कधी आल्या नाहीत.

प्रश्न: माझ्या साइटवर पीडीएफवर क्लिक केलं की ती ब्राउझरमधेच उघडते, डाउनलोड होत नाही. काय करू? मी घाटकोपरला राहतो, एफवायला आहे.

उत्तर: लिंकच्या टॅगमधे 'डाउनलोड' हा एक शब्द जोड, झालं. फाइल तुझ्याच साइटवर असेल तरच तो चालतो, दुसरीकडे ठेवली असेल तर तिथल्या सर्व्हरला सांगावं लागतं. पण मला विचारशील तर उघडू दे की, आधी बघून मग ठेवायची का ते वाचणाऱ्याला ठरवता येतं आणि त्याचा मोबाइल नको त्या फाइलींनी भरत नाही. भरून पाठवायचा फॉर्म असेल तर मात्र थेट डाउनलोड दे, आणि पीडीएफबरोबर वर्डचीही प्रत ठेव.

प्रश्न: ताई, मी माहीमची, घरगुती फराळाचा व्यवसाय करते. चकली-कडबोळी-अनारशांच्या प्रमाणाची बारा पानांची सुंदर पीडीएफ केलीय. लोकांनी चोरू नये म्हणून पासवर्ड घालू का? मैत्रीण म्हणते आधी फोन नंबर घे आणि मगच डाउनलोड दे. शिवाय दरवर्षी मी त्यात बदल करते, तर प्रत्येक वेळी नवी लिंक द्यायची का?

उत्तर: भाजणीत तांदूळ किती आणि हरभराडाळ किती हे प्रमाण कुणाच्या मालकीचं होत नाही, पण तुम्ही ते ज्या शब्दांत लिहिलंय आणि जे फोटो काढलेत ते तुमचेच, त्यासाठी नोंदणीसुद्धा लागत नाही. पासवर्ड घातलात तर चोरणारा स्क्रीनशॉट काढेल आणि अडेल ती साधी गिऱ्हाईक. त्यापेक्षा प्रत्येक पानाच्या तळाला तुमचं नाव, वेबसाइट आणि 'वाटायला हरकत नाही, विकू नये, बदलू नये' हे एक वाक्य घाला. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणून कुणालाही फुकट वापरता येणारे तयार परवाने आहेत, त्यांत नेमका असा एक आहे, त्याची खूण लावली की जगात कुणालाही अर्थ कळतो. व्हॉट्सॲपवर ते पान फिरत फिरत डोंबिवलीला गेलं तरी खाली तुमचं नाव असेल, आणि ऑर्डर तिथूनही येते.

फोन नंबर घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. नंबर घेतलात की तो सांभाळायची जबाबदारी तुमची, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, आणि मुळात अनारशाचं प्रमाण हवं असलेल्या बाईने आपला नंबर का द्यावा? ज्यांना ऑर्डर द्यायचीय त्या स्वतः फोन करतील, तुमचा नंबर पहिल्याच पानावर असू दे.

आणि लिंक बदलू नका. गेल्या वर्षी कुणीतरी जी लिंक बहिणीला पाठवली ती यंदा उघडून 'पान सापडलं नाही' आलं तर ती बहीण परत येत नाही. फाइल नवी करा, नाव तेच ठेवून जुन्याच्या जागी चढवा, आणि आत पहिल्या पानावर 'सुधारित, दिवाळी' आणि साल लिहा म्हणजे छापून ठेवलेल्या प्रतीवरही कळेल कुठली नवी. फुकटच्या जागेवर सगळं ठेवून निश्चिंत राहू नका, जिओसिटीज नावाची फुकट वेबसाइट देणारी सेवा बंद झाली २००९ साली तेव्हा लोकांची लाखो पानं गेली होती. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ड्राइव्हवर, आणि डोमेनचे पैसे ज्या तारखेला भरायचे असतात ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, दुधाच्या हिशेबाशेजारी.